उफ्फिझी म्हणजे कचेऱ्या

इतिहासाच्या पानांवर एक मजकूर वर्षातून दोन-चार वेळा तरी फिरतोच. खाली बोत्तिचेल्लीच्या 'व्हीनसचा जन्म' या चित्राचे छायाचित्र, आणि वर एक वाक्य : कलासक्त मेदिची घराण्याने फ्लॉरेन्समध्ये उफ्फिझी हे अद्वितीय कलादालन उभारले आणि पुढे उदार अंतःकरणाने ते जनतेला अर्पण केले. वाक्य गोड आहे, हजारो लोक ते पुढे पाठवतात, आणि त्यातले एकही क्रियापद तपासणीला टिकत नाही. मेदिचींनी कलादालन उभारले नाही. अर्पण ज्याला म्हणतात तो एक करार होता. आणि ज्या चित्राचे छायाचित्र खाली डकवलेले असते, ते चित्र या इमारतीत आले १८१५ साली, म्हणजे मेदिची घराण्यातील अखेरची व्यक्ती निवर्तल्यानंतर तब्बल ७२ वर्षांनी.

आजचा धागा या वाक्याविरुद्ध आहे. धागा लांब आहे; सवडीने वाचा.

नावापासूनच सुरुवात करू, कारण नावच पुरावा देते. इटालियनमध्ये 'उफ्फिचो' म्हणजे कार्यालय. 'उफ्फिझी' हे त्याच शब्दाच्या जुन्या फ्लॉरेन्टाइन रूपाचे अनेकवचन. मराठीत सरळ सांगायचे तर : कचेऱ्या. जगभरातून लोक तिकिटांसाठी रांगा लावतात त्या दालनाचे नाव 'कचेऱ्या' असे आहे, आणि ते लाक्षणिक वगैरे काही नाही. ती खरोखरच कचेऱ्यांची इमारत होती. करवसुली, धान्यपुरवठा, अज्ञान मुलांच्या मालमत्तेची देखरेख, रेशीमवाल्यांचा संघ, सराफांचा संघ, वैद्य आणि औषधविक्रेत्यांचा संघ : अशा १३ प्रशासकीय संस्थांचे कारकून तिथे बसणार होते. (जाता जाता : फ्लॉरेन्सचे चित्रकार बराच काळ या वैद्य-औषधविक्रेत्यांच्या संघाचेच सभासद असत. म्हणजे या इमारतीत चित्रकाराचा पहिला प्रवेश नोंदवहीतल्या नावाने झाला, चित्राने नव्हे.)

आता विचारायला हवे की या सगळ्या कचेऱ्या एका छपराखाली आणण्याची गरज कोणाला वाटली आणि का. उत्तरासाठी १५३७ सालात जावे लागते. त्या वर्षी जानेवारीत फ्लॉरेन्सचा ड्यूक आलेस्सांद्रो मेदिची याचा त्याच्याच नातलगाने खून केला. शहरातील वजनदार मंडळींनी घराण्याच्या दुय्यम शाखेतील कोझिमो नावाच्या १७ वर्षांच्या मुलाला गादीवर बसवले. हिशेब असा होता की पोर कोवळे आहे, शिकारीत रमेल, कारभार आपण पाहू. हिशेब साफ चुकला. त्याच वर्षी मोन्तेमुर्लोच्या लढाईत त्याने आपले विरोधक मोडले, पुढे १५५५ मध्ये सिएना शरण आणले, आणि १५६९ मध्ये पोपकडून ग्रँड ड्यूक ही पदवी मिळवली.

पण फ्लॉरेन्स हे शतकानुशतके स्वतःला प्रजासत्ताक म्हणवणारे शहर होते. तिथले संघ, पंचायती, दंडाधिकारी यांची स्वतःची घरे होती, स्वतःच्या पेट्या होत्या आणि स्वतःचा ताठाही होता. संस्था मोडून टाकणे हा एक मार्ग होता. कोझिमोने त्याहून हुशार मार्ग निवडला. संस्था ठेवल्या, त्यांची नावे ठेवली, मानमरातबही ठेवले. फक्त त्यांना त्यांच्या घरांतून उठवून आपल्या खिडकीखाली आणून बसवले. १५४० मध्ये तो स्वतः घराण्याचा वाडा सोडून प्रजासत्ताकाच्या जुन्या नगरभवनात राहायला गेला होता. त्याच नगरभवनाला लागून, आर्नो नदीच्या दिशेने, १५६० मध्ये जॉर्जो वाझारीने या इमारतीचे काम सुरू केले. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचे तर विखुरलेली दफ्तरे एकत्र करून त्याने हुजूरदफ्तर बनवले.

वाझारीचा आराखडा बघा, कारण त्यात सगळे लिहिलेले आहे. दोन लांबच लांब समांतर बाजू, मध्ये गल्लीसारखे अरुंद अंगण, नदीकडच्या टोकाला दोन्ही बाजू जोडणारी कमान. करड्या पिएत्रा सेरेना दगडाचे एकसारखे स्तंभ, एकसारख्या खिडक्या. आता कोणता संघ श्रीमंत, कोणता प्राचीन, कोणाचा मान मोठा, हे दर्शनी भागावरून ओळखता येत नाही. सगळे सारखे, कारण सगळे नोकर. ही एकसुरी लय आज वास्तुकलेच्या पुस्तकांत सौंदर्य म्हणून शिकवली जाते, आणि ती सुंदर आहेच. पण ती कवायतीची लय आहे, हे पाहणाऱ्याच्या ध्यानात राहिले पाहिजे.

जागा रिकामी नव्हती. एक दाट वस्ती पाडली गेली. सान पिएर स्केराज्जो नावाचे जुने चर्च तिथे होते. नगरभवन बांधले जाण्यापूर्वी नगराच्या सभा या चर्चमध्ये भरत असत. ते चर्च वाझारीने नव्या इमारतीच्या पोटात घेतले आणि त्याचे उरलेले अवशेष आजही तळमजल्यावर दिसतात. प्रजासत्ताकाची सभागृहभूमी राजाच्या कचेरीची भिंत झाली. कोझिमोला हे प्रतीक कळत नव्हते असे मानणे म्हणजे त्याच्या बुद्धीचा अपमान आहे.

१५६५ मध्ये आणखी एक भर पडली. कोझिमोचा मुलगा फ्रान्चेस्को आणि ऑस्ट्रियाची राजकन्या जोहाना यांच्या विवाहाच्या निमित्ताने वाझारीने अवघ्या पाच महिन्यांत एक उंचावरचा बंदिस्त मार्ग बांधला : नगरभवनातून निघून उफ्फिझीमधून, पाँते वेक्किओ या पुलावरच्या दुकानांच्या माथ्यावरून, नदीपलीकडच्या पित्ती राजवाड्यापर्यंत. या मार्गाला वाटेत सान्ता फेलिचिता चर्चच्या आत उघडणारी गॅलरी आहे, म्हणजे प्रार्थनेलाही जमिनीवर उतरायला नको. घरापासून कचेरीपर्यंत चालत जायचे, प्रजेला खिडकीतून पाहायचे, आणि प्रजेच्या नजरेस पडायचे नाही. पुलावर तेव्हा खाटकांची दुकाने होती. वास वर येई, म्हणून १५९३ मध्ये त्यांना हुसकावून तिथे सोनार बसवले. आज पर्यटक त्या सोनारांच्या दुकानांचे फोटो काढतात आणि त्याला 'मध्ययुगीन परंपरा' म्हणतात. ती परंपरा एका राजाच्या नाकाने घडवली आहे.

मग कला आली कुठून? कोझिमो आणि वाझारी दोघेही १५७४ मध्ये वारले. इमारत बेर्नार्दो बुओन्तालेंती याने पूर्णत्वास नेली, आणि नवा ग्रँड ड्यूक फ्रान्चेस्को याने १५८१ च्या सुमारास वरच्या मजल्याच्या एका बाजूला घराण्याचा संग्रह मांडायला घेतला. खाली कारकून, वर पुतळे. 'त्रिबुना' नावाची अष्टकोनी खोली त्याच काळातली : घुमटात शिंपले जडवलेले, भिंती तांबड्या मखमलीच्या, आणि मध्ये निवडक नवलाच्या वस्तू. १५८६ मध्ये पहिल्या मजल्यावर दरबारी नाट्यगृह झाले. फ्रान्चेस्कोचा भाऊ आणि वारस फेर्दिनांदो याच्या १५८९ च्या विवाहसोहळ्यातील खेळ तिथेच झाले.

त्या संग्रहाला कोणी कधी पाहिलेच नाही, असे मी म्हणणार नाही. प्रतिष्ठित प्रवाशांना विनंती केल्यावर तो दाखवला जाई आणि १५९१ साली छापलेल्या एका शहरवर्णनात त्याची स्तुतीही आहे. पण दाखवणे आणि खुले असणे यांत राजा आणि नागरिक यांच्यातले अंतर आहे. परदेशी वकील यावा, त्याने घुमट पाहावा, दिपून जावे आणि परत जाऊन आपल्या धन्याला सांगावे, हा त्या खोलीचा उपयोग होता. या अर्थाने वरचा मजलासुद्धा कचेरीच होती. तिचे खाते परराष्ट्र व्यवहाराचे.

इथे जरा थांबून आपल्याकडे वळू, कारण याच इमारतीचा एक धागा थेट गोव्यात निघतो. १५८३ मध्ये फिलिप्पो सास्सेत्ती नावाचा फ्लॉरेन्सचा व्यापारी कोचीनला उतरला. तो कोचीनहून आणि गोव्याहून घरी पत्रे लिहीत राहिला, काही तर थेट ग्रँड ड्यूकला. संस्कृत आणि इटालियन यांच्या काही शब्दांत, विशेषतः अंकांत, साम्य आहे हे त्याने त्या पत्रांत नोंदवले. विल्यम जोन्सच्या दोनशे वर्षे आधी. १५८८ मध्ये तो गोव्यातच वारला. त्याच १५८८ साली फेर्दिनांदोने रंगीत कठीण दगडांच्या जडावकामाचे दरबारी कारखाने रीतसर संघटित केले, आणि त्या कारखान्यांचे ठाणे उफ्फिझीतच होते.

आता जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या चांदीच्या पेटीखालचा तो संगमरवरी आणि यशबाचा चौथरा आठवा. तो मेदिचींचा आहे. ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा याला संताच्या मस्तकाखालची उशी अवशेष म्हणून मिळाली होती; त्याची परतफेड म्हणून त्याने हे स्मारक पाठवले. दरबारी शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याची रचना, दगडकाम ग्रँड ड्यूकच्या त्या कारखान्याचे. सुटे भाग जहाजाने आले आणि १६९८ मध्ये फ्लॉरेन्सहून आलेल्या कारागिराने ते इथे जोडले. मला हे उदाहरण फार मोलाचे वाटते, कारण मेदिचींच्या लेखी कला म्हणजे काय होते ते त्यात उघडे पडते. राज्याच्या इमारतीत, राज्याच्या कारखान्यात, राज्याच्या कामासाठी घडवलेली आणि देवघेवीत वापरली जाणारी वस्तू. गोव्याला मिळाली तशी ती व्हिएन्नालाही मिळू शकली असती, जो राजा प्रसन्न करायचा असेल त्याला.

म्हणूनच १७३७ चे महत्त्व. त्या वर्षीच्या ९ जुलैला शेवटचा मेदिची ग्रँड ड्यूक जान गास्तोने निपुत्रिक वारला. युरोपातल्या सत्तांनी त्याच्या हयातीतच ठरवून टाकले होते की तोस्काना लॉरेनच्या फ्रान्सिस स्टीफनला द्यायचे, कारण त्याचे स्वतःचे लॉरेन एका युद्धाच्या तडजोडीत फ्रान्सच्या बाजूला गेले होते. फ्लॉरेन्सच्या कोणाही माणसाला कोणी काही विचारले नाही. नवा राजा परका, त्याची राजधानी व्हिएन्ना, आणि राजवाड्यातल्या चित्रांच्या गाड्या भरून निघायला एक उन्हाळा पुरेसा होता.

मागे उरली होती जान गास्तोनेची बहीण, आना मारिया लुइझा. वय ७० वर्षे, विधवा, अपत्य नाही, राज्यावर हक्क नाही. तिच्या हाती एकच गोष्ट होती : घराण्याच्या खासगी मालमत्तेची ती वारस होती. ३१ ऑक्टोबर १७३७ रोजी तिने नव्या राजवंशाशी करार केला. त्याला 'कुटुंब-करार' म्हणतात. चित्रे, पुतळे, ग्रंथसंग्रह, जडजवाहीर असे सर्व ती नव्या ग्रँड ड्यूकला देते. पण अट अशी की राज्याची शोभा, लोकांचा उपयोग आणि परकीयांचे कुतूहल यांसाठी असलेल्या या वस्तूंपैकी काहीही राजधानीबाहेर आणि राज्याबाहेर नेता येणार नाही.

इथे त्या गोड वाक्याशी माझे खरे भांडण आहे. 'दान' या शब्दात देणारा मोठा होतो आणि घेणारा लवतो. या कागदात तसे काही नाही. हा कागद राजाचा हात धरतो. तो म्हणतो : तू मालक आहेस, पण तुला विकता येणार नाही, उचलता येणार नाही, भेट म्हणून पाठवता येणार नाही. तिच्या वाडवडिलांनी जे जे केले ते ते करायला तिने पुढच्या राजाला मनाई केली. आना मारिया लुइझाला उदार म्हणणे म्हणजे तिचे कर्तृत्व लहान करणे होय. ती उदार असेलही. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिला मालमत्तेचा कायदा कळत होता. ज्या बाईला राज्यवारशाच्या वाटाघाटीत कोणी जमेस धरले नाही, तिने एका अटीने सगळ्या भावी राजांना बांधले.

करार पाळला गेला का? पूर्णपणे नाही, आणि हे सांगायलाच हवे. मेदिचींच्या जवाहिरातला प्रसिद्ध पिवळा हिरा, 'फ्लॉरेन्टाइन' या नावाचा आणि हिंदुस्थानच्या खाणीतून गेलेला मानला जाणारा, व्हिएन्नाला पोहोचलाच. मेदिचींचा शस्त्रसंग्रह अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मोडीत निघाला. कागदाने सगळे वाचत नसते. पण जे गेले ते 'अटीविरुद्ध' गेले, असे आज म्हणता येते; अट नसती तर त्याला नुसते 'गेले' म्हटले असते.

दार उघडायला त्यानंतरही ३२ वर्षे लागली. १७६९ मध्ये ग्रँड ड्यूक पिएत्रो लेओपोल्दो याच्या कारकीर्दीत दालन रीतसर लोकांसाठी खुले झाले. हा राजा निराळ्या घडणीचा होता. १७८६ मध्ये त्याने तोस्कानात मृत्युदंड रद्द केला. त्याच्या काळात संग्रहाची फेरमांडणी झाली. विज्ञानाची उपकरणे आणि निसर्गातल्या वस्तू वेगळ्या संग्रहालयात गेल्या. चित्रे घराण्यांनुसार, कालक्रमानुसार लागू लागली. नवलखोलीचे रूपांतर अभ्यासाच्या जागेत होऊ लागले. त्या नीरस यादीकारांना मी लेओपोल्दोइतकेच श्रेय देईन.

आणि मग तो प्रसंग, जो त्या फिरत्या वाक्यात कधीच नसतो. १७९९ मध्ये फ्रेंच सैन्य फ्लॉरेन्समध्ये शिरले. इटलीभर फ्रेंचांची रीत ठरलेली होती : पराभूत राजाची मालमत्ता ती विजेत्या राष्ट्राची. त्यामुळे पित्ती राजवाड्यातून निवडक चित्रे निघाली आणि पॅरिसला गेली. राफाएलची 'माडोन्ना देल्ला सेज्जोला' त्यांतच होती. तिथून काही शे मीटरवर, त्याच उंच मार्गाने जोडलेल्या उफ्फिझीचा संचालक तोम्मासो पुच्चिनी याने मात्र फ्रेंचांपुढे असा मुद्दा मांडला की हे दालन ग्रँड ड्यूकचे नाहीच. ते तोस्कानाच्या लोकांचे आहे, आणि लोकांच्या मुक्तीसाठी आल्याचे सांगणाऱ्या सैन्याला लोकांची वस्तू उचलता येत नाही. त्या खेपेला दालन वाचले.

कल्पना करा. एका बाजूला राजवाडा, दुसऱ्या बाजूला जुनी कचेरी. दोन्हीकडच्या वस्तू एकाच घराण्याने जमवलेल्या, एकाच करारात नमूद असलेल्या. पण एकीकडची 'राजाची' म्हणून लुटली गेली आणि दुसरीकडची 'लोकांची' म्हणून राहिली. फरक चित्रांत नव्हता. कागदावर एक मालकी लिहिलेली होती, तीस वर्षे दार उघडे होते, आणि त्या दाराशी एक अधिकारी उभा होता ज्याला आपली बाजू तोंडपाठ होती. पुढच्याच वर्षी पुच्चिनीने धोका ओळखून उत्तमोत्तम वस्तू पेट्यांत भरून समुद्रमार्गे सिसिलीत पालेर्मोला हलवल्या. तरीही 'मेदिची व्हीनस' हा प्राचीन पुतळा फ्रेंचांनी दबाव आणून तिथून मिळवलाच. तो १८१५ मध्ये परत आला. पुच्चिनीचे चित्र कोणी शेअर करत नाही. करायला हवे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो पोकळ नाही. मेदिचींनी पैसा ओतला नसता, कलावंत पोसले नसते, तर करारात लिहायला आणि दारात सांभाळायला उरले असते काय? मान्य. संग्रह त्यांचा होता, आणि त्यांच्यापैकी काहींची नजर खरोखर तयार होती. पण मग उफ्फिझीच्या भिंतींवरून नजर फिरवा आणि विचारा की यातले किती त्यांनी टांगले होते. चिमाबुए आणि जोत्तो यांच्या भव्य माडोन्ना चर्चसाठी रंगवलेल्या होत्या आणि विसाव्या शतकात इथे आल्या. बोत्तिचेल्लीची व्हीनस नगराबाहेरच्या हवेलीतून १८१५ मध्ये आली. बंद पडलेल्या मठांतून, दुसऱ्या संग्रहांतून, नंतरच्या राजांच्या आणि मग इटालियन राज्याच्या निर्णयांनी बरेच काही आले. आजचे दालन ही मेदिचींनी ठेवलेली वस्तू नाही. त्यांच्या पश्चात सव्वादोनशे-अडीचशे वर्षे चाललेल्या सार्वजनिक कारभाराची ती निष्पत्ती आहे.

आणि कारभार तिथून कधी पूर्णपणे उठलाही नाही, ही गंमत पर्यटक-पुस्तिका दडवतात. १८५२ मध्ये तोस्कानाचे राज्य-अभिलेखागार याच इमारतीत स्थापन झाले. मेदिचींचा पत्रव्यवहार, करांच्या वह्या, संघांच्या नोंदी, सगळे इथे. १८६५ ते १८७१ या काळात फ्लॉरेन्स नव्या इटलीची राजधानी असताना सिनेट भरत होती ती कुठे? उफ्फिझीतल्या त्या जुन्या दरबारी नाट्यगृहात. वर रसिक राफाएल पाहत आहेत आणि खाली सिनेटर भांडत आहेत. ४ नोव्हेंबर १९६६ च्या महापुरात आर्नोचे पाणी तळमजल्यात शिरले तेव्हा भिजले ते प्रामुख्याने दफ्तर. अभिलेखागार शहराच्या दुसऱ्या भागात हलले ते १९८० च्या दशकाच्या अखेरीस. म्हणजे 'सरकारी इमारतीचे कलादालन झाले' हे वाक्य उच्चारायला सोपे. प्रत्यक्षात ते घडायला चारशे वर्षे लागली, आणि त्यातला बहुतेक काळ फाइल आणि चित्र एकाच छपराखाली होते.

अंगणातल्या स्तंभांमधले कोनाडे वाझारीने रिकामे सोडले होते. १८४२ ते १८५६ या काळात तिथे तोस्कानाच्या २८ थोर व्यक्तींचे पुतळे बसले, लोकवर्गणीच्या जोरावर. त्यांत एक निकोलो माकियाव्हेल्ली आहे. प्रजासत्ताकाचा हा सचिव, म्हणजे खराखुरा कचेरीतला माणूस. मेदिची सत्तेवर परत आल्यावर त्याची नोकरी गेली आणि १५१३ मध्ये कटाच्या संशयावरून त्याला दोराला टांगून छळले गेले. तो आज मेदिचींच्या कचेरीच्या दारात उभा आहे, लोकांच्या पैशाने. त्याच अंगणात लोरेन्झो मेदिचीही आहे. दोघांना एकाच रांगेत बसवणे राजाला सुचले नसते.

२७ मे १९९३ च्या मध्यरात्रीनंतर माफियाने या इमारतीला खेटून असलेल्या गल्लीत मोटारीत ठेवलेला बॉम्ब उडवला. पाच माणसे मेली. मान्फ्रेदीची दोन चित्रे आणि होन्टहॉर्स्टचे एक चित्र जवळजवळ नष्ट झाले. इटालियन राज्याला दुखवायचे तर कुठे मारावे, हे खुन्यांना ठाऊक होते. कलादालन झाले म्हणून इमारत राजकारणातून निवृत्त झाली, असे ज्यांना वाटते त्यांनी त्या रात्रीबद्दल वाचावे.

तर मग हे सगळे आपण मराठीत, इतक्या दुरून, का उगाळायचे? कारण दिल्लीत रायसीना टेकडीवरच्या नॉर्थ ब्लॉक आणि साउथ ब्लॉक या सचिवालयांमध्ये 'युगे युगीन भारत' हे राष्ट्रीय संग्रहालय करण्याची योजना जाहीर झालेली आहे, आणि त्यावरची चर्चा पुन्हा त्याच दोन शब्दांत अडकलेली मी पाहतो आहे : भव्यता आणि अर्पण. किती खोल्या, किती चौरस मीटर, जगात कितवा क्रमांक. समर्थक म्हणतात सत्तेची वास्तू जनतेला मिळणार. विरोधक म्हणतात वारसा बिघडणार. दोन्ही बाजू भिंतींबद्दल बोलत आहेत.

माझे प्रश्न कंटाळवाणे आहेत आणि मी ते तसेच विचारणार. संग्रहातली वस्तू बाहेर काढण्याचा, कुठे पाठवण्याचा, कोणाला भेट देण्याचा अधिकार कोणाकडे असेल, आणि तो कोणत्या लिखित अटीने बांधलेला असेल? जनपथावरच्या सध्याच्या राष्ट्रीय संग्रहालयातून वस्तू हलतील तेव्हा प्रत्येकीची नोंद हलवण्याआधी आणि हलवल्यानंतर कोणाला पाहता येईल? ज्या खोल्यांत जवळजवळ शंभर वर्षे निर्णय झाले त्या खोल्यांतले दफ्तर कुठे जाणार, आणि अभ्यासकाला ते मागता येणार का? संचालकाला, वेळ आली तर, स्वतःच्याच सरकारला 'ही वस्तू तुमची नाही' असे सांगता येईल इतके संरक्षण त्याच्या पदाला असेल का?

यांपैकी एकाचे तरी उत्तर असलेला कागद कोणाच्या पाहण्यात आला असेल, तर कृपया खाली टाका. मी तो या धाग्याला जोडीन.